बिनसिमेंटचा खुबा

घरातल्या बाईचं दुखणं जुनं झालं की ते हळूहळू कुणाला दिसेनासं होतं. कुंभार पिंपळगावच्या अंगदच्या घरात दैवशालाच्या लंगडण्याचं असंच झालं होतं. ती परसातून येताना आधी पाय ओढल्याचा आवाज यायचा आणि मग ती यायची. त्या आवाजावरून पोरांना कळायचं की आई आली. पण त्यात काही वावगं आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं. बाजाराच्या दिवशी अंगद तिच्या चार पावलं पुढे चालायचा आणि मागे वळून म्हणायचा, "चल ना जल्दी, यष्टी निघून जाईल."

अंगद काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसांच्या गोष्टी सोप्या असतात. हा आपल्यासारखाच होता. मोसंबीची बाग, एक ट्रॅक्टर, गावात बऱ्यापैकी मान, व्यसन नाही, बायकोवर कधी हात उगारलेला नाही. चार वर्षांपूर्वी तोच तिला जालन्याला हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की, डाव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबला आहे आणि हाड आतून खचत चाललं आहे. सांधा बदलावा लागेल. त्यांनी टेबलावरचा नमुना उचलून अंगदच्या हातात दिला. मांडीच्या हाडात बसणारा धातूचा दांडा, त्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, आणि तो गोळा ज्यात फिरायचा ती वाटी.

"वय कमी आहे, त्यामुळे आपण सिमेंट न लावता बसवू," डॉक्टर म्हणाले होते. "दांड्याचा हा वरचा भाग हाताला खरखरीत लागतोय ना? याच्यात हाड स्वतः रुजतं आणि त्याला धरून ठेवतं."

अंगदला ते पटलं होतं. पण घरी येऊन त्याने वडिलांना सांगितलं आणि सगळं फिसकटलं.

बद्रीनाथ, म्हणजे अंगदचे आबा, गावात एक वजनदार माणूस. पंगतीत सगळे खाली बसले तरी आबांना खुर्ची लागायची. देवळात खुर्ची, लग्नात खुर्ची, मयतीत दगडावर का होईना पण उंचच. भावकीने त्यांचं नाव 'खुर्चीपाटील' ठेवलं होतं आणि आबांना ते नाव आवडायचं.

आबा तेव्हा खुर्चीतूनच म्हणाले होते, "बिनसिमेंटचा? अरे, बिनसिमेंटचा ओटा एका पावसाळ्यात खचतोय. अन् हे लोखंड दहा वर्षांत बाद होतंय. मंग परत फाडाफाडी. सून आताशी चाळिशीला टेकली. साठीला करू, म्हंजे मरेपर्यंत पुरंल."

घरात आबांचा शब्द खाली पडत नसे. शिवाय अंगदलाही तो हिशेब बरोबर वाटला, कारण त्याचं सगळं शहाणपण ट्रॅक्टरवरचं. बेरिंग बदललं की ते कधीतरी परत जाणारच, मग जुनं चालतंय तोवर चालवावं. बाईच्या कमरेला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला एकच न्याय लावताना त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दैवशाला तेव्हा दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट येऊ लागलं, ते चार वर्षं येत राहिलं.

यंदा आबा गेले. छातीचं दुखणं होतं, दोन महिने अंथरुणावर होते. सगळं दैवशालाने केलं. लंगडत केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावकीतली माणसं राख सावडायला ओढ्याकाठच्या स्मशानात गेली. आबांचे लहानपणापासूनचे सोबती मल्हारीकाका बरोबर होते. राखेवर पाणी शिंपडलं, अस्थी वेचायला सुरुवात झाली. मल्हारीकाकांनी राखेत हात घातला आणि ते थबकले.

"अंगद, हे काय हाय रं?"

त्यांच्या हातात वीतभर लांबीचा, काळानिळा पडलेला धातूचा दांडा होता. थोडं पुन्हा चाचपल्यावर एक वाटीसारखं काहीतरी निघालं. माणसं दोन पावलं मागे सरली. आबांचे धाकटे भाऊ रामकिसन यांचा चेहरा उतरला.

"चितेत लोखंड कुणी टाकलं?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे साधं न्हाई. ही भानामती हाय. खुर्चीपाटलावर जळणारे कमी होते का?"

"आबाच्या पायात रॉड होता ना?" कुणीतरी म्हणालं. "गाडीवरून पडले होते तवाचा."

"रॉड सरळ असतोय. याला मुंडकं हाय."

अंगदने तो दांडा हातात घेतला, तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि बोटाने काजळी पुसली. टोकाला गोळा होता. गोळ्याखालचा भाग हाताला खरखरीत लागला. हे वजन, हा आकार, ही खरखर त्याच्या हाताच्या ओळखीची होती. जालन्याच्या डॉक्टरांच्या टेबलापाशी हेच त्याच्या हातात होतं!

तो तिथेच राखेशेजारी बसला. वडील गेल्यावरसुद्धा इतका गारठा त्याच्या अंगात शिरला नव्हता.

"भानामती न्हाई, काका," तो कसाबसा म्हणाला. "हे आबांचंच हाय. आबांचा खुबा बदललेला होता."

मल्हारीकाका त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाबरोबर सारी उमर बांधाला बांध लावून काढली, त्याच्या शरीरात हे होतं आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांना पचत नव्हतं. अंगदने दांडा आणि वाटी पंच्यात गुंडाळली आणि बाकीचे विधी यंत्रासारखे उरकले.

घरी माजघरात त्याची माय पुष्पाबाई भिंतीला टेकून बसली होती. बाकीच्या बायका उठून गेल्यावर अंगदने पंचा तिच्यापुढे सोडला. तिने विचारलं नाही की हे काय आहे.

"निघालं व्हय," ती एवढंच म्हणाली.

"माय, तुला माहीत होतं?"

"मीच बसल्ते ना पुण्याच्या दवाखान्यात, महिनाभर."

मग तिने सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी आबा बैलगाडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, रॉड टाकला. तो रॉड काही लागू पडला नाही, हाड जुळलं नाही. मग पुण्याला नेऊन खुबाच बदलला. अंगद तेव्हा जालन्याला होस्टेलात राहून कॉलेजचं शेवटचं वर्ष करत होता. त्याला आणि गावाला एवढंच कळवलं की, पायात रॉड टाकलाय.

"पण लपवायचं काय त्यात?"

"तुला संपत आठवतो का? त्याचा पाय कापला अन् लाकडी बसवला. सारं गाव त्याला लाकड्या म्हणायचं. त्याच्या पोरांना लाकड्याची पोरं म्हणायचे. तुझ्या आबानं दवाखान्यातच मला शपथ घातली. म्हणले, नकली पाय म्हणून कुणी बोट दाखवलं तर मी जीव देईन. डॉक्टरनं खाली मांडी घालू नका, उकिडवं बसू नका म्हणून सांगितल्तं. मंग खुर्ची धरली. लोक माज म्हणले. माज म्हणलेलं त्यांना चाललं."

अंगदच्या डोक्यात सगळं गरगरत होतं. "मंग दैवशालाच्या टायमाला आबा असं काहून बोलले? दहा वर्षांत बाद होतंय म्हणले. सोता त्याच्यावर चालून राह्यले होते की."

"त्यांना डॉक्टरनं तवा तसंच सांगितल्तं. दहा वर्षं धरा, फार तर पंधरा. दहा सरली अन् त्यांच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी पलंगावर बसून राह्यचे, पाय खाली टेकवायचं धाडस व्हायचं न्हाई. आज मोडतोय का उद्या. तपासून या म्हणलं तर जायचे न्हाईत. तपासलं तर बदला म्हणतील, अन् बदलायला गेलं तर गावाला कळंल. सुनेच्या वाट्याला असं जिणं नको, असं म्हणायचे मला."

"अन् मोडला का?"

"कुठं मोडला?" पुष्पाबाईने दांड्यावर हात ठेवला. "माणूस गेला, हा न्हाई मोडला."

पंचवीस वर्षं! बिनसिमेंटचा ओटा एका पावसाळ्यात खचतो म्हणणारा माणूस बिनसिमेंटच्या खुब्यावर पंचवीस पावसाळे चिखल तुडवत हिंडला होता. अंगदला रडावं की ओरडावं हे कळेना.

"अन् तू, माय? तूबी गप बसलीस?"

"शपथ होती," पुष्पाबाई म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "न्हाई. शपथेचं निमित्त हाय, अंगद. खरं सांगते. तुझा आबा पडला तवा पंचेचाळीसचा होता. त्याला कुणी म्हणलं न्हाई की साठीपर्यंत थांब. पेरणी तोंडावर आल्ती, घरचा कर्ता बाप्या, जल्दी करा, पुण्याला न्या. सून चाळिशीची होती, तिला साऱ्यांनी थांब म्हणलं. मीबी म्हणलं. मला वाटलं, चूल तर चालून राह्यली ना तिची. मंग काय घाई हाय. बाईची चूल बंद पडल्याबिगर तिचं दुखणं खरं धरत न्हाई आपण. अन् हे मला, बाई असून, आज कळून राह्यलंय."

अंगद उठला. मागच्या दारी पायरीवर दैवशाला बसली होती, डावा पाय लांब करून. त्याने तिच्यासमोर पंचा उघडला. त्याला वाटलं होतं, ती दचकेल. तिने दांड्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

सकाळपासून बसलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगंल कोण? दोन महिने अंथरुणावर होते मामा, त्यांना कुशीवर वळवायची, कपडे बदलायची. मांडीच्या वर लांब वण होता. जालन्याच्या डॉक्टरनं माझ्या अंगावर बोटानं रेघ मारून दाखवल्ती ना, बराबर त्याच जागी. मी इचारलं, मामा, हे काय? दोन दिवस बोलले न्हाईत. मंग एकदा माझा हात धरला अन् म्हणले, पोरी, लई चांगला चालला गं. अन् रडले. कुणाला सांगू नको म्हणले."

"मला तरी सांगायचं."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही आबांना इचारलं असतं, आबा न्हाई म्हणले असते, अन् मी खोटी पडले असते." तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो अंगदला जास्त लागला. "चार सालात तुम्ही डॉक्टरला इचारलं, आबांना इचारलं, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीलाबी इचारलं. ते लोखंड किती टिकंल, किती टिकंल. मी किती टिकन, हे कुणीच इचारलं न्हाई."

अंगद त्या पायरीवर तिच्याशेजारी बसला. पंचा गुंडाळत तो म्हणाला, "उद्याच जालन्याला जाऊ."

रामकिसनकाकांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सुतकात माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही, लोक काय म्हणतील, तेरावा तरी होऊ दे. तेव्हा पुष्पाबाई माजघरातून बाहेर आली. नवरा जाऊन तिसरा दिवस, तरी ती सरळ उभी राहून दिरासमोर बोलली.

"सुतक मेलेल्याचं असतंय, भाऊजी. जिती माणसं दवाखान्यात जात्यात. एकाचं झाकण्यात माझी उमर गेली, दुसरीचं झाकायचं न्हाई मला."

जालन्याच्या डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेला तो काळा दांडा उचलला आणि कितीतरी वेळ ते त्याला फिरवून बघत राहिले. अंगदने सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"पंचवीस वर्षं, आणि एकदाही तपासणी नाही?" ते म्हणाले. "या खरखरीत भागात त्यांचं हाड रुजलं होतं. चितेत हाड जळलं म्हणून हा सुटा झाला. नाहीतर मला हातोडी घेऊनही सहज काढता आला नसता."

"मंग दहा वर्षं काहून सांगत्यात, साहेब?"

"त्या काळी आमच्याकडेही तेवढाच अनुभव होता, म्हणून जपून सांगायचे. आता जगभरच्या नोंदी आहेत. दहातले नऊच्या आसपास सांधे पंधरा वर्षं ओलांडतात. निम्म्याहून जास्त पंचवीस गाठतात. सगळे नाही, हे नीट ऐका. कधी आतलं प्लास्टिक झिजतं, कधी वाटी सैल होते, कधी जंतुसंसर्ग होतो. मी हमी देणार नाही. म्हणून तर ठरल्या वेळी येऊन एक्स-रे काढायचा. झीज लवकर दिसली तर कधी नुसता आतला भाग बदलून भागतं. पुन्हा पूर्ण बदलायची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, पण होते. तुमच्या वडिलांचं नशीब चांगलं होतं. पण त्यांनी भीतीपायी पंधरा वर्षं उगाच जीव मुठीत धरून काढली. एका एक्स-रेने ती भीती गेली असती."

मग त्यांनी दैवशालाचा नवा एक्स-रे प्रकाशावर लावला.

"चार वर्षांपूर्वी हे काम सोपं होतं," डॉक्टर म्हणाले. "आता गोळा पूर्ण खचलाय, वाटीची बाजूही झिजलीय. पाय आखूड झालाय, मांडीचे स्नायू वाळलेत. शस्त्रक्रिया होईल, दुखणं जाईल. पण थोडं लंगडणं कदाचित कायमचं राहील. सांधा झिजेल म्हणून तुम्ही थांबलात, आणि थांबण्यात माणूस झिजलं."

अंगदने मान खाली घातली. डॉक्टर त्याच्याकडे न बघता दैवशालाकडे वळले.

"ताई, तुम्ही सांगा. सांधा बदलून तुम्हाला काय करायचंय? शेतात जायचंय, जिना चढायचाय, काय?"

दैवशाला गोंधळली. तिने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. अंगद काही बोलला नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला कुशीवर झोपायचंय, साहेब. लई दिस झाले, झोप न्हाई लागत."

चार वर्षं तो तिच्याशेजारी घोरत पडत होता. अंगदला त्या खोलीतून बाहेर पळून जावंसं वाटलं. तो गेला नाही, तिथेच बसून रडला. भर दवाखान्यात, परक्या माणसासमोर.

तेराव्याला गाव जमलं. जेवणाआधी अंगद हात जोडून उभा राहिला. आबांविषयी चार चांगले शब्द बोलेल, असं लोकांना वाटलं होतं. तो म्हणाला, "माझे आबा पंचवीस साल बदललेल्या खुब्यावर चालले. चांगले चालले. फक्त लाजेपायी ते कुणाला बोलले न्हाईत, अन् त्यांच्या न बोलण्यापायी माझी बायको चार साल लंगडत राह्यली. पण दोष आबांचा न्हाई, माझा हाय. मी तिला इचारलंच न्हाई. आता तिचं आपरेशन करून राह्यलोय. ज्याला तिला नकली खुब्याची म्हणायचं असंल, त्यानं आधी मला नाव ठेवावं."

रामकिसनकाका जमिनीकडे बघत होते. मल्हारीकाकांनी डोळे पुसले. पानं वाढली गेली. पंगतीत वाढताना अंगदची नजर बायकांच्या पंगतीवर गेली आणि हातातली बादली तशीच राहिली. चुलतघरची कांताबाई पाय दुमडता येत नाही म्हणून तिरकी बसली होती. पलीकडे एकजण भिंतीला धरून उठत होती, ओठ घट्ट मिटून. एकीने ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवण उरकलं. त्या सगळ्या वर्षानुवर्षं त्याच्या घरी जेवून जात होत्या. आपण आंधळे होतो की काय, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. जेवण झाल्यावर कांताबाई दैवशालाजवळ सरकली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तुझ्या डॉक्टरचा नंबर देशील का गं? आमच्या घरी सांगू नको अजून."

"सांगायचंच, काकू," दैवशाला म्हणाली. "घरीच सांगायचं."

दैवशालाची शस्त्रक्रिया झाली. बिनसिमेंटचा सांधा बसला. ती आता चालते. पाय किंचित ओढत चालते, ते राहणारच आहे. अंगदला ते रोज दिसतं आणि रोज लागतं. एक्स-रेच्या तपासणीला ती जालन्याला जाते तेव्हा गाडीत कांताबाई असते, आणखी एखादी असते, आणि त्यांचे नवरे पुढे बसलेले असतात, जरा अवघडून.

वाचकहो, आपल्या घरातही कुणाचा तरी पाय ओढल्याचा आवाज येत असेल. सांधा किती वर्षं टिकेल, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पानटपरीवर विचारू नका, मिस्त्रीला विचारू नका. बसवून घेतला असेल तर लपवू नका, तपासणी चुकवू नका. पण या सगळ्याच्या आधी, ज्याचं दुखतंय त्याला विचारा. आणि ती बाई असेल, तर विचारून लगेच उठू नका. तिचं उत्तर येईपर्यंत जरा थांबा. उत्तर द्यायची तिला सवय राहिलेली नसते.